शेकाप समजून घेताना : एक डावा पक्ष कुठे रुजला आणि कुठे आटला

१९५७ च्या निवडणुकीनंतर मुंबई राज्याच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) ३१ आमदार होते. २०२४ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्राच्या विधानसभेत या पक्षाचा एकच आमदार उरला. मधल्या सदुसष्ट वर्षांचा हिशेब बहुतेक वेळा एका वाक्यात मिटवला जातो : नेते काँग्रेसमध्ये गेले आणि पक्ष संपला. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण नेते गेल्यानंतरही काही तालुक्यांत हा पक्ष पन्नास-साठ वर्षे पाय रोवून उभा राहिला आणि इतर अनेक तालुक्यांत त्याचे नाव घेणाराही कोणी उरला नाही, हे कसे घडले, याचे उत्तर त्या वाक्यात नाही. ते उत्तर पक्षाच्या ठरावांत आणि प्रबंधांतही फारसे सापडत नाही. ते सातबाऱ्यावर, कालव्याच्या पाण्यात आणि भूसंपादनाच्या नोटिशीत शोधावे लागते, असे मला वाटते, आणि हा लेख त्याच वाटेने जाणार आहे.

आधी ‘डावा पक्ष’ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. गरिबांविषयी कळवळा तर सगळेच पक्ष दाखवतात. डाव्या पक्षाचे वेगळेपण असे की, गरिबीचे मूळ तो मालकीच्या व्यवस्थेत शोधतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, ती कसतो कोण, पिकातला वाटा कोणाच्या घरी जातो, कारखान्याचा नफा कोण ठरवतो, असे प्रश्न तो विचारतो आणि राज्यसत्तेने या व्यवस्थेत हस्तक्षेप करावा, अशी मागणी करतो. स्वातंत्र्याच्या सुमारास महाराष्ट्रात असे प्रश्न विचारणारे पक्ष एकाहून अधिक होते. कम्युनिस्टांचे बळ मुंबईच्या गिरणगावात आणि ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये होते. समाजवाद्यांचा वावर पुणे-मुंबईतल्या शिक्षित कार्यकर्त्यांत आणि कोकणात अधिक होता. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनमागे दलित समाज उभा होता. या सगळ्यांमध्ये, स्वतःची थोडीफार जमीन असलेला किंवा दुसऱ्याची कसणारा, पण सत्तेपासून दूर असलेला बहुजन शेतकरी कोणाचा, हा प्रश्न मोकळाच होता. शेकापचा जन्म त्या जागेत झाला.

त्याची मुळे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजापर्यंत आणि त्यातून पुढे वाढलेल्या ब्राह्मणेतर चळवळीपर्यंत जातात. पुण्याचे केशवराव जेधे हे या चळवळीतले अग्रणी. १९३० च्या सुमारास जेधे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतला फार मोठा समाजही आला. एका अर्थाने महाराष्ट्रातली काँग्रेस खेड्यात पोचली ती याच मंडळींच्या पायांनी. परंतु १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा आले, तेव्हा निर्णय घेणाऱ्या वर्तुळात आपल्याला जागा नाही, असे या मंडळींना जाणवू लागले. त्यात धान्याच्या सक्तीच्या लेव्हीने भर घातली. युद्धकाळापासून चाललेल्या या पद्धतीत शेतकऱ्याला आपल्या धान्यातला ठरावीक हिस्सा सरकारला सरकारी दराने घालावा लागे. शहरांना रेशन पुरवायचे तर हे अटळ होते, असे सरकारचे म्हणणे. परंतु शेतकऱ्याला लागणाऱ्या कापड, रॉकेल, लोखंड या वस्तू मात्र चढ्या भावाने घ्याव्या लागत होत्या, हे गावोगावचे दुखणे होते. जेधे, शंकरराव मोरे, भाऊसाहेब राऊत, तुळशीदास जाधव, साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पत्री सरकार या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील अशा नेत्यांनी काँग्रेसच्या आतच शेतकरी-कामगारांचा वेगळा संघ उभा केला. पक्षांतर्गत पक्ष चालू द्यायचे नाहीत, अशी भूमिका काँग्रेसने घेतल्यावर समाजवाद्यांप्रमाणेच या गटालाही बाहेर पडावे लागले. पक्ष आपला वर्धापन दिन २ ऑगस्टला साजरा करतो आणि स्थापनेचे वर्ष १९४७ धरतो. काँग्रेसशी पुरती फारकत मात्र १९४८ मध्ये झाली.

असंतुष्टांचा गट आणि पक्ष यांत फरक असतो. गटाला राग पुरतो, पक्षाला विचार लागतो. तो विचार १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी येथे मांडला गेला आणि ‘दाभाडी प्रबंध’ या नावाने ओळखला जाऊ लागला. या प्रबंधाने मार्क्सवाद-लेनिनवाद हे पक्षाचे तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारले. १९४७ मध्ये सत्ता इंग्रजांकडून भारतातल्या भांडवलदार वर्गाकडे गेली आहे, कष्टकऱ्यांपर्यंत ती पोचलेली नाही आणि ती पोचवायची तर शेतकरी व कामगार यांच्या एकजुटीतून क्रांती घडवावी लागेल, असा त्याचा रोख होता. हे वाचताना कोणालाही प्रश्न पडेल की, मग हे लोक सरळ कम्युनिस्ट पक्षात का गेले नाहीत? एक कारण असे की, स्वातंत्र्यलढ्याच्या, विशेषतः १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनापासून दूर राहण्याची कम्युनिस्टांची भूमिका सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांना पटणे शक्य नव्हते. दुसरे कारण सामाजिक होते. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या माणसाला जातीचा अनुभव हा वर्गाच्या अनुभवाइतकाच खरा होता, आणि आपल्या मातीतून उगवलेल्या नेतृत्वाखालीच आपण समाजवादापर्यंत जाऊ, अशी त्याची श्रद्धा होती.

प्रबंधाने पक्षाला ओळख दिली, पण त्याच सुमारास पक्ष फुटायलाही लागला. नाना पाटील आणि दत्ता देशमुख यांनी बाहेर पडून कामगार किसान पक्ष काढला; पुढे नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले, तर दत्ता देशमुख लाल निशाण पक्षाचे नेते झाले. दुसरीकडे, प्रबंध ज्यांच्या पुढाकाराने आला ते शंकरराव मोरे आणि पक्षाचे सर्वांत मोठे नाव असलेले जेधे १९५४ च्या सुमारास काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे स्थापनेला दहा वर्षेही झाली नव्हती, तोवर अधिक डावे डावीकडे निघून गेले होते आणि संस्थापक काँग्रेसमध्ये परतले होते. एवढ्यावर एखादा पक्ष इतिहासजमा झाला असता. शेकाप झाला नाही, आणि इथूनच त्याची खरी कहाणी सुरू होते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला मुंबई विधानसभेत १४ आणि निजामाच्या राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या हैदराबाद राज्याच्या विधानसभेत १० जागा मिळाल्या. आपल्या निवडणूक पद्धतीत ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो, बाकीची मते वाया जातात. त्यामुळे राज्यभर थोडी थोडी मते मिळवणारा पक्ष हातात काहीच न लागता परततो, आणि पाच-दहा तालुक्यांतच, पण घट्ट पाय असलेला पक्ष विधानसभेत पोचतो. शेकापची मते अशी गठ्ठ्याने होती : कुलाबा म्हणजे आजचा रायगड, दक्षिण महाराष्ट्रातला काही भाग, सोलापूर, उस्मानाबाद, परभणी, नांदेड. प्रत्येक ठिकाणी पक्षाचा बावटा लाल होता आणि कार्यकर्ते एकमेकांना ‘भाई’ म्हणत होते. मात्र त्या बावट्याखाली लोक कशासाठी जमले, याची कारणे जिल्ह्यागणिक निराळी होती.

त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत ठसठशीत कारण अलिबागजवळच्या चरी गावात सापडते. कुलाबा-रत्नागिरीकडे खोती पद्धत होती. खोत हा मूळचा सारा वसूल करून सरकारजमा करणारा माणूस. पण कालांतराने तो गावच्या जमिनीचा धनी होऊन बसला आणि प्रत्यक्ष कसणारा त्याचे कूळ झाला. कुळाने नांगरायचे, लावणी करायची, कापणी-झोडणी करायची आणि भाताचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा खोताकडे पोचवायचा. लिहून दिलेल्या कबुलायतीत अशाही अटी असत की कुळाने लावलेल्या झाडावरही त्याचा हक्क राहत नसे. त्याशिवाय वेठ होतीच. पीक बुडाले तरी खंड चुकत नसे. थकबाकी कर्जात जाई आणि कर्ज पुढच्या पिढीकडे.

या पद्धतीविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संप पुकारला. कामगाराने गिरणीत काम बंद करणे आपण समजू शकतो. कुळाने जमीन कसणे बंद करणे म्हणजे स्वतःच्या ताटातले अन्न स्वतःच काढून ठेवणे होते. तरीही शेते ओस राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन शेतकऱ्यांपुढे बोलले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही, परंतु १९३९ च्या कूळ कायद्याने कुळांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले आणि १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. याच नारायण नागूंनी १९३७ मध्ये सुरू केलेले ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र पुढे शेकापचा आवाज बनले. रायगडमध्ये पक्ष दाभाडी प्रबंधाच्या बऱ्याच आधी, या संपात जन्मला होता, असे म्हणायला हरकत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेकापला मत देणाऱ्या आगरी शेतकऱ्याला मार्क्सचे तत्त्वज्ञान समजावून सांगण्याची गरज पडली नाही. जमीन कसणाऱ्याची असली पाहिजे, हे त्याच्या आजोबांनी उपाशी राहून सिद्ध केले होते.

आता या पक्षापुढच्या सर्वांत अवघड प्रश्नाकडे यावे लागेल, कारण तो नीट लक्षात घेतला नाही तर पुढचे काहीच उमगणार नाही. ‘शेतकरी’ हा एकच वर्ग आहे का? खोताविरुद्ध लढताना तो एक दिसतो. पण खोत गेल्यावर त्याच गावात वीस एकर बागायतीचा मालक असतो, तीन एकर कोरडवाहूचा मालक असतो, आणि ज्याला स्वतःची जमीनच नाही असा शेतमजूर असतो. पहिल्याला उसाला भाव हवा असतो. दुसऱ्याला पाणी आणि कर्जमाफी हवी असते. तिसऱ्याला रोजाची मजुरी वाढवून हवी असते, आणि ती वाढली तर पहिल्याचा खर्च वाढतो. उद्योगातल्या कामगाराची जोड दिली की गुंता आणखी वाढतो, कारण शहरी कामगाराला स्वस्त ज्वारी-तांदूळ हवा असतो आणि शेतकऱ्याला त्याच धान्याचा चढा भाव. मार्क्सवादी परंपरेत शेतकऱ्यांचे श्रीमंत, मध्यम आणि गरीब असे थर पाडून, कोणाशी मैत्री करायची आणि कोणाशी लढायचे, हे ठरवण्याची रीत आहे. शेकापने प्रबंधात असे विश्लेषण स्वीकारले, पण त्याचा प्रत्यक्ष कार्यकर्ता आणि नेता बहुतेक ठिकाणी मध्यम शेतकरी घरातलाच राहिला, आणि शेतमजुरांना, त्यातही दलित शेतमजुरांना हा पक्ष आपला वाटावा यासाठी त्याने जेवढे करायला हवे होते तेवढे केले नाही. माझ्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोठी उणीव होती.

काँग्रेसने नेमकी हीच फट हेरली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शेकाप, कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका समितीत आले, आणि १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. शेकापच्या ३१ जागा त्या लाटेतल्या. परंतु १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि सगळ्यांना जोडणारा मुद्दाच संपला. यशवंतराव चव्हाणांनी त्यानंतर जे केले त्याला ‘बेरजेचे राजकारण’ म्हणतात. विरोधातल्या कर्तबगार माणसांना पक्षात आणायचे आणि सत्तेत वाटा द्यायचा. कराडकडचे यशवंतराव मोहिते हे शेकापचे तगडे आमदार, ते काँग्रेसमध्ये जाऊन पुढे मंत्री झाले. असे अनेक होते. मात्र ही केवळ माणसांची ओढाताण होती असे मानणे चूक ठरेल, कारण चव्हाणांनी कार्यक्रमही उचलला. कूळ कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ धरून कसणाऱ्या कुळांना मालकी देण्याची प्रक्रिया सुरू झालेली होतीच. १९६१ मध्ये कमाल जमीन धारणेचा कायदा आला, १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सहकारी साखर कारखान्यांचे जाळे पसरू लागले. या कायद्यांच्या अंमलबजावणीत पळवाटा खूप होत्या आणि अनेक कुळांकडून ‘स्वखुशीने’ जमिनी सोडवूनही घेतल्या गेल्या, हे खरे आहे. तरीही बागायती पट्ट्यातल्या शेतकऱ्याला आता कारखान्याचा सभासद होता येत होते, सोसायटीतून कर्ज मिळत होते आणि संचालक किंवा जिल्हा परिषद सदस्य होण्याची वाट खुली झाली होती. ज्या थराच्या बळावर शेकाप उभा होता त्याच थराला सत्तेचा रस्ता काँग्रेसमधून दिसू लागला. १९६२ मध्ये पक्षाच्या जागा १५ वर आल्या.

पंधरा जागा घेऊनही विधानसभेत तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता, हे आज अनेकांना ठाऊक नसते. पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते, आणि पुढे ती जबाबदारी दि. बा. पाटील यांच्याकडेही आली. १९६७ मध्ये संख्या १९ झाली, १९७२ मध्ये ७, १९७८ मध्ये पुन्हा १३. मराठवाड्यात कंधारचे केशवराव धोंडगे आपल्या वक्तृत्वाने सभागृह दणाणून सोडत. सत्ता हाती नसताना कायद्यातली त्रुटी दाखवून देणे, दुष्काळी कामांवरच्या मजुरीचे हिशेब मागणे, लक्षवेधी सूचनांतून अधिकाऱ्यांना उत्तर द्यायला भाग पाडणे, या कामाची एक शिस्त शेकापच्या आमदारांनी घालून दिली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची प्रतिष्ठा वाढवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे आणि तो अजून पुरेसा मांडला गेलेला नाही.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका हे दुसरे उदाहरण. हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. इथे ऊस नव्हता, म्हणून साखरेच्या राजकारणाची पकडही नव्हती. भाई गणपतराव देशमुख इथून १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ पर्यंत एकूण ११ वेळा विधानसभेत गेले; १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले, पण दोन्ही वेळा परत आले. एवढ्या वर्षांत त्यांनी पक्ष सोडला नाही आणि आमदार असूनही एसटीने फिरत राहिले, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांचे काम मात्र या साधेपणापेक्षा मोठे आहे. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यायला हवे, ही मागणी घेऊन नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदांत गणपतराव पहिल्या फळीत होते. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना सरकारी कागदावरून शिवारापर्यंत यायला कित्येक वर्षे लागली, आणि त्या वर्षांत दर अधिवेशनात पाण्याचा प्रश्न जागता ठेवणे हे चिकाटीचे काम होते. तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि डाळिंबाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळू लागला. सहकार हे काँग्रेसचे हत्यार होते खरे; सांगोल्यात ते शेकापच्या हाती राहिले, आणि पक्ष तिथे टिकण्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

तिसरे उदाहरण भूसंपादनाचे. १९७० मध्ये सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसवायचे ठरले. ज्यांच्या वाडवडिलांनी खोताकडून जमीन सोडवली होती, त्यांच्याकडून ती आता सरकार मागू लागले, आणि तीही शेतजमिनीच्या भावाने, तर त्याच जमिनीचे भूखंड पुढे शहराच्या भावाने विकले जाणार होते. दि. बा. पाटील यांनी या अन्यायावर बोट ठेवले. न्हावा-शेवा बंदरासाठीच्या संपादनाच्या वेळी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दि. बा. शेकापतर्फे लोकसभेवर निवडून गेले. लोकांनी काय मनावर घेतले होते ते त्यावरून कळते.

या लढ्यातून पुढे ‘साडेबारा टक्के’ योजना आली. तिचा अर्थ असा : एखाद्याची १०० गुंठे जमीन संपादित झाली असेल तर, रोख मोबदल्याशिवाय, साडेबारा गुंठे विकसित जमिनीवर त्याचा हक्क मानायचा. त्यातले पावणेचार गुंठे रस्ते, शाळा, मैदाने अशा सामाजिक सोयींसाठी कापले जातात आणि पावणेनऊ गुंठ्यांचा भूखंड हातात येतो. ऐकायला हे थोडे वाटेल, पण त्यामागचे तत्त्व क्रांतिकारक होते. जमिनीचे मोल शहरामुळे वाढणार असेल तर त्या वाढीतही मूळ मालकाचा वाटा आहे, हे राज्याने इथे मान्य केले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांच्या प्रश्नावर या योजनेचा दाखला अनेकदा दिला गेला. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून गावेच्या गावे रस्त्यावर उतरली, तेव्हा त्या गर्दीत विविध पक्षांचे लोक होते, आणि दि. बा. स्वतःही उत्तरायुष्यात शेकाप सोडून शिवसेनेत गेले होते; तरी ज्या कामासाठी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते शेकापच्या काळातले होते.

शेकापचेच ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांनी तोच धागा पुढे नेला. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) पेण तालुक्यातल्या जमिनी घेण्याविरुद्धच्या लढ्यात ते उतारवयात उतरले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले, आणि ते संपादन शेवटी पुरे झाले नाही. सहकारमंत्री राहिलेला आणि रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद भूषवलेला हा माणूस ऐंशी ओलांडल्यावरही कोल्हापुरात टोलविरोधी मोर्चाच्या पुढे चालत होता.

मग एवढे असूनही पक्ष का आटला? सत्तेच्या राजकारणातून याचे एक उत्तर मिळते. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) या आघाडीच्या सरकारमध्ये आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारमध्ये शेकाप सहभागी होता. २००२ मध्ये त्याने पाठिंबा काढून घेतला, तो राष्ट्रवादी काँग्रेसशी रायगड जिल्हा परिषदेवरून झालेल्या वादातून. राज्याच्या सरकारविषयीचा निर्णय एका जिल्ह्याच्या सत्तेवरून ठरावा, यातून पक्षाचा आवाका किती आक्रसला होता ते दिसते. दुसरे उत्तर शेतीच्या राजकारणात आहे. १९८० मध्ये शरद जोशींनी शेतकरी संघटनेमार्फत शेतमालाच्या रास्त भावाचा प्रश्न असा पेटवला की, शेतकऱ्यांचा आवाज म्हणजे शेकाप हे समीकरण राज्यभर मोडले. आणि जोशी हे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते, डाव्या विचाराच्या अगदी उलट टोकाचे. त्यानंतरच्या दशकात शिवसेना-भाजपने कोकण आणि मराठवाड्यातला तरुण वेगळ्याच मुद्द्यांवर आपल्याकडे ओढला. शेकापकडे त्या तरुणाला देण्यासाठी लढ्याचा इतिहास होता, पण नोकरी, शिक्षण आणि शहराकडची ओढ यांविषयीचा नवा कार्यक्रम नव्हता.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिसरे उत्तर, आणि ते पुन्हा जमिनीकडेच जाते. पनवेल-उरण-अलिबाग पट्ट्यात जमिनीचे भाव गगनाला भिडले, तेव्हा कसणाऱ्याची जमीन ही विकणाऱ्याची मालमत्ता झाली. कंत्राटे आली, भराव आणि खडी-वाळूचे धंदे आले, पतपेढ्या आणि सहकारी बँका आल्या. जमीन वाचवण्यासाठी बांधलेली संघटना जमिनीच्या व्यवहारात गुंतलेल्या समाजाला काय सांगणार, याचे उत्तर पक्षाला देता आले नाही, आणि त्याचे स्थानिक नेते त्या व्यवहारांपासून अलिप्त राहिले असेही नाही. १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापतर्फे कुलाब्याचे खासदार झालेले रामशेठ ठाकूर पुढे काँग्रेसमध्ये गेले. नेतृत्व मोजक्या घराण्यांत राहिले. अलिबागमध्ये ते नारायण नागूंच्या कुटुंबातच चालत आले. घराणी बहुतेक पक्षांत आहेत, पण जो पक्ष वारशाने आलेल्या मालकीला आव्हान देत जन्मला, त्याला हा प्रश्न अधिक टोचायला हवा होता. १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४, २०१४ मध्ये ३ आणि २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची एकच जागा, असा हा उतार आहे. २०१९ मध्ये गणपतराव उभे नव्हते आणि त्यांचे नातू हजाराहूनही कमी मतांनी सांगोल्यात हरले.

३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले आणि १७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. पाटील. २०१४ मध्ये पेणमधून पक्षातर्फे निवडून आलेले धैर्यशील पाटील भाजपमध्ये जाऊन २०२४ मध्ये राज्यसभेवर गेले. त्याच वर्षी जुलैत पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले आणि नोव्हेंबरमध्ये अलिबाग, पेण, पनवेल, उरण या चारही जुन्या बालेकिल्ल्यांत पक्षाच्या हाती काही लागले नाही. सांगोल्यात मात्र गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख विजयी झाले. रायगडमध्ये आज विरार-अलिबाग कॉरिडॉरसाठी, विमानतळाभोवतीच्या नव्या शहरासाठी जमिनी मोजल्या जात आहेत, आणि नवी मुंबईच्या गावठाणांत गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न लोंबकळत पडला आहे. या प्रश्नांवरच्या बैठका अजून भरतात. त्यांत बसणारे आता वेगवेगळ्या पक्षांचे असतात आणि मागण्यांच्या यादीत साडेबारा टक्क्यांचा दाखला दिला जातोच.